खांब उंच, आकडा बुटका

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९९१ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या २१ लाख १७ हजार होती. २००१ च्या जनगणनेत ती १५ लाख २८ हजारांच्या आसपास भरली. हे दोनच आकडे संगणकात घालून दोन खांब काढले, तर दुसरा खांब पहिल्यापेक्षा पाव हिश्शाहूनही जास्त बुटका दिसेल. बाहेरगावच्या माणसाला वाटेल, या जिल्ह्यात मोठी साथ तरी आली असावी, नाहीतर सहा लाख माणसं बिऱ्हाड उचलून कुठंतरी निघून गेली असावीत.

आपल्याला ठाऊक आहे की यातलं काहीच झालं नव्हतं. आज हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ हे तालुके जिथं आहेत, तो भाग १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. हिंगोलीची २००१ ची ९ लाख ८७ हजार माणसं आपल्या आकड्यात मिळवली, की बेरीज २५ लाखांच्या वर जाते. म्हणजे जुन्या हद्दीतली लोकसंख्या दहा वर्षांत जवळजवळ १९ टक्क्यांनी वाढली होती.

यात गंमत अशी की दोन्ही आकडे सरकारी आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. एकही अंक खोटा नाही. चित्र मात्र साफ खोटं आहे. जिल्ह्याचा कापूस, जिल्ह्यातल्या बँकांच्या शाखा, ठेवी, वाटलेलं पीककर्ज, यांचा लांब मुदतीचा आलेख काढणाऱ्या प्रत्येकाला १९९९ पाशी एक उभी रेघ मारून तिथं 'हद्द बदलली' असं लिहावंच लागतं. जास्त मागं जायचं असेल तर १ मे १९८१ पाशीही. त्या दिवशी जालना जिल्हा झाला आणि परतूर तालुका आपल्याकडून तिकडे गेला.

आजचा विषय जिल्ह्याच्या इतिहासाचा नाही. विषय आहे तो व्यवहाराच्या अहवालांत येणाऱ्या चित्रांचा. पतसंस्था, साखर कारखाना, दूध संघ, बाजार समिती, एखादी जिनिंग, अगदी दोन शाखा असलेलं खताचं दुकानसुद्धा आता कुठं ना कुठं आलेख काढतं. संगणकानं ते काम फार सोपं केलं आहे. आकडे निवडा, बटण दाबा, रंगीत खांब उभे. पूर्वी आलेख कागदावर पट्टीनं काढावा लागे, तेव्हा काढणारा निदान विचार तरी करायचा की मी हे कशासाठी काढतोय. आता खांब आधी उभे राहतात आणि विचार झालाच तर नंतर होतो. रेडिओवर मला तुम्हाला चित्र दाखवता येत नाही, ही माझी अडचण आहे. तेव्हा शाळेतली पाटी डोळ्यांपुढं आणा आणि मी सांगेन तशा रेघा तीवर मारत चला.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारेल. तर त्याचं कारण पतसंस्थेपासूनच सांगतो. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते प्रत्येक ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंत आहे आणि सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था मात्र त्यात येत नाहीत. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले दोन लाख रुपये पतसंस्थेत असतील, तर ते सुरक्षित आहेत की नाहीत हे समजायला सभासदापाशी मुख्य साधन एकच, ते म्हणजे संस्थेचा वार्षिक अहवाल. तो सप्टेंबरअखेर होणाऱ्या सर्वसाधारण सभेत हातात पडतो. ताळेबंद वाचता येणारे सभासद थोडे असतात. बाकीचे सगळे चित्र पाहतात. चित्रात खांब चढते दिसले की 'मंजूर, मंजूर' म्हणून मोकळे होतात.

आता पाटीवर पहिलं चित्र काढू. समजा, एका संस्थेच्या ठेवी तीन वर्षांत ४० कोटी, ४२ कोटी आणि ४४ कोटी झाल्या. दोन वर्षांत वाढ किती? दहा टक्के. म्हणजे साधारण व्याज जमा होत राहिलं तरी जेवढी होईल, त्याच्याही खाली. आता खांब काढताना खालची रेघ शून्यापासून न धरता ३८ कोटींपासून धरा. पहिला खांब दोन बोटं उंच, दुसरा चार बोटं, तिसरा सहा बोटं. पाहणाऱ्याच्या डोळ्याला ठेवी तिप्पट झाल्या! बाजूला बारीक अक्षरात ३८ लिहिलेलं असतं, नाही असं नाही. पण ते वाचायला चष्मा लागतो, आणि सभेत चष्मा खिशातच राहतो.

अमेरिकेतले एडवर्ड टफ्टी यांनी १९८३ साली आकड्यांच्या चित्रांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी चित्राचा खोटेपणा मोजायची साधी युक्ती दिली आहे. चित्रात दिसणारी वाढ भागिले आकड्यातली खरी वाढ. उत्तर एकच्या आसपास आलं तर चित्र प्रामाणिक. आपल्या संस्थेच्या चित्रात दिसणारी वाढ २०० टक्के आणि खरी वाढ १० टक्के, म्हणजे उत्तर २० येतं. टफ्टींच्या हिशेबानं एकच्या आगेमागे पाच शतांशांपर्यंतचा फरक चालण्यासारखा. वीस म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा.

खांबांचा आलेख शून्यापासूनच सुरू व्हायला हवा, हा नियम इथून येतो. आपला डोळा खांबाची लांबी मोजतो. बुडखा कापला की लांबीचा अर्थच जातो.

पण हा नियम सगळीकडं लावला तर फसगत होते, आणि त्याचं उत्तम उदाहरण म्हणजे साखरेचा उतारा. एक क्विंटल उसातून दहा किलो साखर निघाली तर उतारा दहा टक्के. आता पाच लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्यात उतारा एक दशांशानं, म्हणजे १०.० वरून ९.९ वर आला, तर साखर किती कमी झाली? पाचशे टन, म्हणजे पाच हजार क्विंटल. शून्यापासून बारापर्यंतच्या पट्टीवर हा एक दशांश केसाएवढा दिसेल. संचालकांना वाटेल, सगळं ठीक चाललं आहे. इथं खांब काढूच नयेत. इथं दिवसादिवसाचे ठिपके जोडणारी रेघ काढावी आणि पट्टी नऊपासून साडेअकरापर्यंत ठेवावी. रेघेत डोळा लांबी पाहत नाही, चढउतार पाहतो, म्हणून तिथं हे चालतं. पट्टी कुठून सुरू केली आहे ते ठळक लिहिलं म्हणजे झालं.

उताऱ्याचं चित्र आणखी एका ठिकाणी दगा देतं. कारखान्याच्या रोजच्या तक्त्यात 'आजचा उतारा' असतो आणि 'आजअखेर सरासरी उतारा'ही असतो. हंगामाच्या सुरुवातीला ऊस कच्चा असतो, उतारा कमी पडतो, थंडी मुरली की चढतो आणि उन्हं तापली की पुन्हा उतरतो. आजअखेर सरासरीचा आलेख काढला, तर मार्चमध्ये रोजचा उतारा घसरायला लागल्यावरही सरासरीची रेघ काही दिवस चढतच राहते, कारण नोव्हेंबरचे कमी आकडे अजून तिला खाली ओढून धरत असतात आणि आजचा आकडा त्या सरासरीहून वर असतो. शेतात ऊस वाळतोय, तोडणी टोळ्या निघून चालल्या आहेत आणि संचालक मंडळापुढं रेघ चढती! दोन्ही रेघा एकाच कागदावर काढल्या की हे लपत नाही. २०१८ नंतर बी हेवी मळीपासून इथेनॉल करणं वाढलं, तेव्हापासून तर आणखी एक पेच आला. जी साखर पोत्यात यायची तिचा काही भाग इथेनॉलकडे जातो, त्यामुळं कागदावरचा उतारा पडलेला दिसतो. ऊस तेवढाच गोड असतो. मागच्या दहा वर्षांच्या उताऱ्याचा आलेख काढणाऱ्यानं तिथं रेघ मारून लिहिलं नाही, तर परभणी-हिंगोलीचीच गोष्ट पुन्हा घडते.

उसाचा विषय निघालाच आहे, तर रास्त व किफायतशीर दराचं, म्हणजे एफआरपीचं, उदाहरण सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. २०१७-१८ च्या हंगामाला केंद्र सरकारनं क्विंटलला २५५ रुपये दर ठरवला होता. २०१८-१९ ला २७५ ठरवला. वीस रुपयांची वाढ, जवळजवळ आठ टक्के. दोन खांब काढले की वाढ छान दिसते. पण पहिला दर साडेनऊ टक्के उताऱ्याला होता आणि दुसरा दहा टक्क्यांना. जुन्या नियमानं साडेनऊच्या वरच्या प्रत्येक दशांशाला २ रुपये ६८ पैसे मिळायचे. म्हणजे दहा टक्के उताऱ्याच्या उसाला २०१७-१८ मध्येही २६८ रुपये ४० पैसे मिळत होतेच. खरी वाढ झाली ६ रुपये ६० पैशांची, अडीच टक्क्यांची. आणि ज्या कारखान्याचा उतारा साडेनऊच्या खाली, त्याच्या ऊसवाल्याला नव्या दरानं मिळाले २६१ रुपये २५ पैसे. आधी २५५ मिळत होते. त्याच्या हातात वाढ सव्वासहा रुपयांची.

हेच २०२२-२३ ला पुन्हा झालं. दर २९० वरून ३०५ झाला, पण पाया दहा टक्क्यांवरून सव्वादहावर गेला. जुन्या हिशेबानं सव्वादहाच्या उसाला २९७ रुपये २५ पैसे बसायचे. म्हणजे दिसणारी वाढ पंधरा रुपये, खरी पावणेआठ. पाया का बदलला, तो योग्य होता की अयोग्य, यावर दोन बाजू आहेत आणि तो आजचा विषय नाही. माझं म्हणणं एवढंच की दहा वर्षांचे एफआरपीचे खांब शेजारी शेजारी उभे करून कुणी दाखवले, तर आधी विचारा की सगळे खांब एकाच जोत्यावर उभे आहेत का? एक जमिनीवर आणि दुसरा ओट्यावर उभा करून दोन पोरांची उंची कुणी मोजत नाही.

पाया बदलण्याचं आणखी एक घरचं उदाहरण म्हणजे नाथसागर. जायकवाडीचा डावा कालवा आपल्या जिल्ह्यात पाणी आणतो, त्यामुळं पावसाळ्यात रोज आपण टक्के ऐकतो. धरणाची एकूण क्षमता सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर आहे. त्यातले ७३८ मृत साठ्याचे आणि सुमारे २,१७१ उपयुक्त साठ्याचे. उपयुक्त साठा ५० टक्के असतो, तेव्हा एकूण क्षमतेच्या हिशेबानं धरण जवळजवळ ६३ टक्के भरलेलं असतं. उपयुक्त साठा शून्य झाला तरी धरणात एकूण क्षमतेच्या चौथ्या हिश्शाएवढं पाणी दिसतं. पाणी तेच, टक्के दोन. एका अहवालात एका प्रकारचे आणि दुसऱ्यात दुसऱ्या प्रकारचे टक्के आले, तर पाणीपाळीचा हिशेबच चुकेल. त्यात कुणी धरणाची उभी टाकी काढून ती निम्म्या उंचीपर्यंत निळी रंगवली, तर आणखी गोंधळ. धरण टाकीसारखं सरळ भिंतींचं नसतं, परातीसारखं वर पसरत जातं. वरच्या एका मीटरमध्ये खालच्या एका मीटरपेक्षा कितीतरी जास्त पाणी मावतं.

आता पतसंस्थेकडं परत येऊ, कारण सर्वांत नाजूक जागा तिथं आहे. थकबाकी. अहवालात 'थकीत कर्जाचं प्रमाण' म्हणून एक आलेख असतो आणि तो उतरता असला की संचालक मंडळाची छाती फुगते. समजा, पहिल्या वर्षी येणं कर्ज ३० कोटी होतं आणि त्यातलं थकीत ३ कोटी. प्रमाण १० टक्के. दुसऱ्या वर्षी संस्थेनं झपाट्यानं कर्जवाटप केलं, येणं कर्ज ४५ कोटी झालं आणि थकीत ४ कोटी. प्रमाण ८.९ टक्के. आलेख उतरला! प्रत्यक्षात बुडण्याच्या वाटेवरची रक्कम एक कोटीनं, म्हणजे तिसऱ्या हिश्शानं वाढली आहे. शिवाय नव्यानं दिलेल्या पंधरा कोटींना थकायला अजून वेळच मिळालेला नाही. त्यांचे पहिले हप्ते आत्ता कुठं सुरू झालेत. कर्जवाटप थांबलं की खालचा आकडा वाढायचा थांबतो आणि मग दोन वर्षांनी प्रमाण एकदम उसळी मारतं. तेव्हा सभेत आरडाओरड होते, पण त्याची चाहूल आधीच्या चित्रातच होती. कुणी दाखवली नव्हती, एवढंच.

याला उपाय अवघड नाही. प्रमाणाच्या रेघेखाली रुपयांचे खांब काढा, थकीत रक्कम किती ते. आणि जमलं तर कर्ज ज्या वर्षी दिलं त्या वर्षाप्रमाणं थकबाकी वेगळी करा. २०२२-२३ मध्ये दिलेल्या कर्जातलं दोन वर्षांत किती थकलं, २०२३-२४ मधलं किती थकलं, असं. हा तक्ता बनवायला लेखनिकाला एक दिवस लागतो. मी आजवर पाहिलेल्या अहवालांत तो फार थोड्या ठिकाणी सापडला. याच्या उलट 'स्थापनेपासून आजअखेर वाटप केलेलं कर्ज' हा आलेख मात्र बहुतेक ठिकाणी असतो. आजअखेरची बेरीज कधी कमी होऊच शकत नाही. संस्थेनं उद्या कुलूप लावलं तरी तो खांब तिथंच उभा राहील.

चित्रांच्या सजावटीबद्दल थोडक्यात सांगतो. खांबांना जाडी देणं, त्यांची सावली पाडणं, वर्तुळ तिरकं करून भाकरीसारखं जाड दाखवणं, हे सगळं संगणक फुकट देतो म्हणून आपण घेतो. तिरक्या वर्तुळात पुढचा तुकडा आपोआप मोठा दिसतो. आस्थापना खर्च मागं टाकला आणि लाभांश पुढं आणला की काम झालं! अमेरिकेतले विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅक्गिल यांनी १९८४ साली लोकांना वेगवेगळी चित्रं दाखवून तपासलं होतं की माणसाला काय अचूक वाचता येतं. एकाच पट्टीवरचे ठिपके सर्वांत अचूक वाचले जातात, मग लांबी, त्यानंतर कोन, आणि क्षेत्रफळ व घनफळ यांत माणूस सर्वांत जास्त चुकतो. वर्तुळाचे तुकडे हा कोनाचा मामला. दोन-तीन तुकडे असतील तर ठीक, नऊ तालुक्यांचे नऊ तुकडे केले तर मानवत मोठा की पाथरी मोठा हे ओळखायला आकडेच वाचावे लागतात. मग वर्तुळ कशाला काढलं? हे वर्तुळ तसं जुनं आहे. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थानं १७८६ साली इंग्लंडच्या आयात-निर्यातीच्या रेघा काढून व्यापारी आलेखांचा पाया घातला आणि १८०१ साली वर्तुळाचे तुकडे पाडले. रेघा आजही उत्तम चालतात.

कापसाच्या गाठींची चित्रं काढणाऱ्यांसाठी एक सूचना. गाठी दुप्पट झाल्या म्हणून गाठीचं चित्र दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद काढलं, तर कागदावर ते चौपट जागा घेतं. खोकं म्हणून पाहिलं तर आठपट वाटतं. दुप्पट दाखवायच्या असतील तर तेवढ्याच आकाराच्या दोन गाठी काढा. पोरांनाही कळेल.

रंगांचं निराळं. हवामान खातं सरासरीपेक्षा १९ टक्क्यांपर्यंत कमी पाऊस 'सामान्य' धरतं आणि २० टक्के कमी झाला की 'तूट'. त्यामुळं नकाशात उणे १९ चा जिल्हा आणि उणे २० चा जिल्हा वेगळ्या रंगात येतात. आणि उणे २० चा व उणे ५९ चा एकाच रंगात. वर्गवारी करायची म्हटली की हे होणारच, त्यात खात्याची लबाडी नाही. पण कारखान्यात किंवा बँकेत जेव्हा लाल, पिवळा, हिरवा असे दिवे लावलेले तक्ते येतात, तेव्हा रंगाशेजारी आकडा हवाच. कालपर्यंत हिरवा असलेला दिवा आज पिवळा झाला, तो काठावरून घसरला की कड्यावरून, हे रंग सांगत नाही. जिल्ह्याच्या सरासरीचंही तसंच. जिंतूरकडे ढगफुटी आणि सोनपेठकडे धूळ, तरी सरासरी 'सामान्य' येऊ शकते. म्हणून अतिवृष्टीची नोंद महसूल मंडळनिहाय घेतात, २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला की नाही ते पाहून. व्यवसायातही दोन शाखांची सरासरी काढण्याआधी दोन्ही शाखा वेगवेगळ्या पाहाव्यात. आणि एक अगदी साधी गोष्ट. बहुतेक अहवाल शेवटी झेरॉक्स होऊन फिरतात. झेरॉक्समध्ये लाल आणि हिरवा एकाच करड्या रंगाचे होतात. काही पुरुषांना तर छापील रंगीत प्रतीतही ते दोन वेगळे दिसत नाहीत.

चांगला आलेख कसा असतो, हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल की हा नुसत्या खोड्या काढतो. आपला सातबारा आठवा. महाराष्ट्रात कुठल्याही गावचा सातबारा घ्या, नाव कुठं, क्षेत्र कुठं, पीकपाहणी कुठं, हे शेतकऱ्याला शोधावं लागत नाही, कारण नमुना ठरलेला आहे. आलेखांचा असाच नमुना ठरवावा, असं जर्मनीतले रॉल्फ हिशर्ट यांनी मांडलं आणि त्यातून अहवालांचे आंतरराष्ट्रीय संकेत तयार झाले. त्यातला एक संकेत मला फार आवडतो. प्रत्यक्ष झालेलं असेल तर खांब भरीव गडद, मागच्या वर्षीचं असेल तर फिका, नुसतं उद्दिष्ट असेल तर पोकळ, फक्त कडा काढलेली. आणि पुढचा अंदाज असेल तर तिरक्या रेघांचा. पोकळ खांब पाहिला की अडाणी माणसालाही कळतं की हे अजून घडलेलं नाही. आपल्याकडं उद्दिष्टाचा खांब बहुधा सोनेरी असतो आणि प्रत्यक्षापेक्षा जास्त चमकतो.

दुसरा संकेत शीर्षकाचा. 'ठेवींचा आलेख' हे शीर्षक झालं नाही, ते तर दिसतंच आहे. 'ठेवी दोन वर्षांत १० टक्के वाढल्या, थकीत कर्ज ३३ टक्के वाढलं' असं लिहा. असं वाक्य लिहायला बसलं की लिहिणाऱ्यालाच समजतं, आपल्याला सांगायचं आहे काय आणि टाळायचं आहे काय. सांगायला एकच आकडा असेल तर चित्र न काढता ते वाक्यच छापावं. तिसरा संकेत पट्टीचा. चार शाखांचे चार आलेख शेजारी छापले तर चौघांना एकच पट्टी हवी. गंगाखेडच्या शाखेचा खांब पाच कोटींवर कागदाच्या टोकाला टेकतो आणि पूर्णेच्या शाखेचा पन्नास लाखांवर, असं असेल तर दोन्ही शाखा सारख्याच थोर दिसतात. संगणकाला न सांगता सोडलं तर तो नेमकं हेच करतो. प्रत्येक चित्राला आपली पट्टी लावतो.

शेवटी मार्चअखेरबद्दल बोलतो. १ एप्रिलच्या सकाळी गावोगाव फलक लागतात, ३१ मार्चअखेर ठेवी अमुक कोटी. अजून लेखापरीक्षण व्हायचं असतं, पण फलकावर तसं लिहिलेलं नसतं. हा आकडा खोटा असतो असं मी म्हणत नाही. त्या दिवशी तेवढी रक्कम पुस्तकात असतेच. पण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ओळखीपाळखीच्या ठेवी गोळा करायच्या, उद्दिष्ट गाठायचं आणि एप्रिलच्या पंधरवड्यात त्या परत जायच्या, ही रीत बँकिंगमध्ये जगभर आहे आणि आपल्याकडंही आहे. दरवर्षीच्या ३१ मार्चचे ठिपके जोडून काढलेला पाच वर्षांचा आलेख म्हणजे पाच सणांच्या दिवशी काढलेले फोटो. घरात एरवी काय शिजतं ते त्यात येत नाही.

यावर मागणी करायची ती अशी की संस्थेनं दरमहाच्या सरासरी शिलकीचा आलेख छापावा. सरासरी संगणकात तयार असते, व्याजाची आकारणी रोजच्या शिलकीवरून होत असल्यामुळं वेगळं काही करावं लागत नाही. सभासदाला असा आलेख अहवाल छापायच्या आधी लेखी पत्रानं मागता येतो. सभेत ऐनवेळी मागितला तर 'पुढच्या वर्षी बघू' हे उत्तर ठरलेलं. समजा, ज्या संस्थेच्या ठेवी फलकावर ४४ कोटी होत्या, तिची बारा महिन्यांची सरासरी ४१ कोटी निघाली. तर मग त्या आलेखात मार्चचा ठिपका एकटाच वर उडालेला दिसतो, आणि एप्रिलच्या ठिपक्याखाली सचिवांना कारण लिहावं लागतं.